भोक पाडलेली बाटली आणि तीन सहगुणक: ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर वर्ग समीकरण कसं बसवायचं

चवथीच्या सुट्टीत, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायच्या गडबडीतही, गोव्यात डिचोलीला आमच्या घरी दोन-चार मुलं गणिताच्या शंका घेऊन येतातच. मागच्या खेपेला तिघं आली. कॉलेजात त्यांना प्रकल्प दिला होता: दिलेल्या आकड्यांना ग्राफिंग कॅल्क्युलेटर वापरून वर्ग समीकरण बसवा. कोणती बटणं दाबायची ते त्यांनी व्हिडिओ बघून पाठ केलं होतं. उत्तरंही आली होती, ए, बी आणि सी असे तीन आकडे, म्हणजे समीकरणाचे सहगुणक. ‘टीचर, हे बरोबर आहे ना?’ एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण ते तीन आकडे कशाविषयी आहेत हे एकालाही सांगता येईना, कारण त्यांना मिळालेल्या तक्त्यात एक्स म्हणजे काय आणि वाय म्हणजे काय हेच लिहिलेलं नव्हतं.

मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायला लावला आणि आतून एक रिकामी बाटली आणली. हा लेखही त्याच क्रमाने लिहिते आहे. आधी बाटली, मग बटणं. ज्यांनी ग्राफिंग कॅल्क्युलेटर कधी हातात धरलेला नाही त्यांनाही सगळं करता यावं, अशा बेताने लिहिलं आहे. कॅल्क्युलेटर नसेल तर मोबाइलवर फुकटात काय करायचं, तेही पुढे येईल.

आधी स्वतःचे आकडे मिळवा

एक लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बाटली किंवा बरणी घ्या. तिचा मधला भाग वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा हवा. कमरेत बारीक झालेली किंवा आडव्या खाचा असलेली बाटली नको. बुडापासून दोन-तीन सेंटीमीटरवर तापवलेल्या खिळ्याने साधारण ३ मिलिमीटरचं भोक पाडा. लहान मुलं असतील तर हे काम मोठ्यांनी करावं. बाटलीला उभी कागदाची पट्टी चिकटवा आणि तिच्यावर सेंटीमीटर-मिलिमीटरच्या खुणा करा. भोकाच्या मध्यावर शून्य ठेवा, बाटलीच्या बुडाशी नव्हे. झाकण काढून टाका, नाहीतर आत हवा शिरणार नाही आणि धार मध्येच अडखळेल.

भोकावर बोट धरून १६ सेंटीमीटरच्या खुणेपर्यंत पाणी भरा. मोबाइल बाटलीसमोर, पाण्याच्या उंचीच्या आसपास, कशाला तरी टेकवून उभा करा आणि व्हिडिओ चालू करून बोट काढा. खाली बादली ठेवायला विसरू नका. ते पाणी नंतर तुळशीला घालता येतं. नोंदी व्हिडिओ थांबवून-थांबवून घ्यायच्या, घाईत डोळ्याने नाहीत. कडेला पाणी किंचित वर चढलेलं दिसतं, म्हणून वाचन त्याच्या मधल्या सपाट पातळीचं करायचं.

आम्ही दर २० सेकंदांनी घेतलेल्या नोंदी अशा. वेळ सेकंदांत, उंची सेंटीमीटरमध्ये:

०: १६.०
२०: १३.०
४०: १०.२
६०: ७.९
८०: ५.७
१००: ४.०
१२०: २.६
१४०: १.५

पुढे धार अगदी बारीक होऊन बाटलीलाच चिकटून वाहायला लागली, म्हणून १४० सेकंदांवर थांबलो.

बटण दाबण्याआधी पाच मिनिटं कागदावर

ही पायरी बहुतेक मार्गदर्शकांत नसते. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

प्रत्येक २० सेकंदांत पाणी किती उतरलं ते लिहा: ३.०, २.८, २.३, २.२, १.७, १.४, १.१. पाणी सारख्या वेगाने उतरत नाही, वेग कमी-कमी होत जातो. म्हणजे सरळ रेषा इथे चालणार नाही. आता याच आकड्यांमधला फरक काढा: ०.२, ०.५, ०.१, ०.५, ०.३, ०.३. हे आकडे ०.३ च्या अवतीभवती फिरतात, सरासरी ०.३२ येते. एक्सच्या किमती सारख्या अंतराने घेतल्या आणि दुसऱ्या फेरीचे फरक जवळपास सारखे आले, तर समजायचं की वर्ग समीकरण लावून बघण्यात अर्थ आहे. ०.१ आणि ०.५ मधली तफावत बघून घाबरू नका. मिलिमीटरच्या खुणा डोळ्याने वाचल्या की एवढी चूक होतेच, आणि फरकाचा फरक काढताना ती आणखी फुगते.

इथे तर वर्ग समीकरणाला भक्कम कारणही आहे. भोकाच्या वर पाणी जितकं जास्त, तितकी धार जोरात. पण उंची चौपट झाली तर धारेचा वेग फक्त दुप्पट होतो, कारण वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. सतराव्या शतकात इटलीच्या टॉरिचेल्लीने हा नियम मांडला. त्यावरून गणित केलं की उंचीचं वर्गमूळ वेळेबरोबर सरळ रेषेत कमी होतं, असं निघतं. वर्गमूळ सरळ रेषेत कमी होत असेल तर उंची म्हणजे त्या सरळ रेषेचा वर्ग, म्हणजेच वर्ग समीकरण. बाटली सारख्या जाडीची हवी, हा हट्ट त्यासाठीच होता.

असं कारण हाताशी असणं किती मोलाचं आहे, हे आपल्याच गोव्यातल्या एका माणसाच्या कामातून मुलांना सांगायला मला आवडतं. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात कोसबेन इथे जन्मले. ते मुळात गणितज्ञ. प्राचीन चांदीची आहत, म्हणजे ठसे उमटवलेली, नाणी त्यांनी हजारोंच्या संख्येने तोलली आणि त्या वजनांवर संख्याशास्त्र वापरलं. त्यामागचा विचार साधा होता: नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, त्यामुळे जास्त काळ फिरलेल्या नाण्यांचं सरासरी वजन कमी भरतं. सूत्र हातात घेण्याआधी वजन का घटावं याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. आपल्या बाटलीपाशी आपणही तसंच उभं राहायचं आहे.

आकडे यंत्रात भरणं

माझ्याकडे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ प्लस आहे, भाचीने परदेशातलं शिक्षण संपवून येताना आणलेला. बटणं त्याचीच सांगते. आपल्याकडे हे यंत्र दुकानात सहज दिसत नाही, पण बाहेरच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलांना ते लागतं.

स्टॅट बटण दाबा, पहिला पर्याय एडिट निवडा. रकाने दिसतील, त्यांच्या डोक्यावर एल१, एल२ अशी नावं. आधीचे आकडे असतील तर बाणाने वर जाऊन एल१ या नावावर या, क्लिअर दाबा आणि मग एंटर. इथे डेल दाबायचं नाही. डेल दाबलं की आकड्यांबरोबर अख्खा रकानाच गायब होतो आणि नवखा माणूस घाबरतो. झालंच तसं, तर स्टॅटमध्ये पाचवा पर्याय सेटअप-एडिटर आहे. तो निवडून एंटर दाबलं की रकाना परत येतो.

एल१ मध्ये वेळ भरा. ० एंटर, २० एंटर, असं १४० पर्यंत. उजवा बाण दाबून एल२ मध्ये उंची. वेळ आधी, उंची नंतर. हा क्रम उलटला तर यंत्र तक्रार करणार नाही, निमूटपणे भलतंच समीकरण काढून देईल. दोन्ही रकान्यांत आठ-आठ आकडे आहेत ना, ते मोजून बघा. एखादा राहिला तर पुढे ‘डिम मिसमॅच’ अशी चूक दिसेल, म्हणजे रकान्यांची लांबी जुळत नाही.

आपल्या आकड्यांत उणे किंमत नाही. पण कधी आली, तर खालच्या ओळीतलं कंसातल्या उणे चिन्हाचं बटण वापरा. वजाबाकीचं बटण वेगळं असतं.

ठिपके बघा, मगच पुढे

सेकंड दाबून वाय= दाबा. स्टॅट प्लॉटचा पडदा येईल. पहिला प्लॉट निवडून ऑन करा. प्रकारांतलं पहिलं चित्र, सुट्या ठिपक्यांचं, निवडा. एक्सलिस्ट एल१, वायलिस्ट एल२. आता नुसतं वाय= दाबून तिथे जुनं समीकरण पडून असेल तर पुसा. शेवटी झूम दाबा आणि ९ दाबा. हा झूमस्टॅट. तुमच्या आकड्यांच्या मापाने तो पडदा आपोआप बेतून घेतो.

आठ ठिपके डावीकडून उजवीकडे उतरताना दिसतील, सुरुवातीला उतार जास्त, मग हळूहळू कमी. एखादा ठिपका रांग सोडून भलतीकडे असेल तर आकडा टाइप करताना चूक झाली आहे. ७.९ च्या जागी ७९ पडला की तो ठिपका एकटाच उंच लटकतो आणि बाकीचे सगळे तळाशी दबून जातात. हे आत्ताच दिसलं तर बरं. पुढे तीन सहगुणकांत ही चूक विरघळून जाते आणि शोधता येत नाही.

क्वाडरेग

स्टॅट दाबा, उजव्या बाणाने कॅल्कवर जा, पाचवा पर्याय क्वाडरेग निवडा. नव्या यंत्रांत चार ओळी दिसतात. एक्सलिस्टमध्ये एल१ (सेकंड आणि १), वायलिस्टमध्ये एल२ (सेकंड आणि २). फ्रीकलिस्ट रिकामी ठेवा. स्टोअर रेगइक्यू या ओळीवर वाय१ हवं. त्यासाठी व्हार्स दाबा, उजवीकडे वाय-व्हार्सवर जा, १ दाबा, परत १ दाबा. ही ओळ भरण्याचा आळस करू नका. इथे वाय१ लिहिलं की समीकरण आपोआप आलेखात जातं आणि दहा-दहा अंक हाताने उतरवावे लागत नाहीत. मग कॅल्क्युलेटवर येऊन एंटर. जुन्या यंत्रांत ओळी येत नाहीत. तिथे क्वाडरेग या शब्दापुढे एल१, स्वल्पविराम, एल२, स्वल्पविराम, वाय१ असं लिहून एंटर दाबायचं.

पडद्यावर येईल:

वाय = ए·एक्स² + बी·एक्स + सी
ए = ४.०९२२६१९०५ई-४
बी = −०.१६१०४१६६६७
सी = १६.०२०८३३३३

पहिल्याच ओळीत बहुतेकांची गाडी अडते. शेवटचं ई-४ नजरेतून निसटतं आणि वहीत ए = ४.०९ असं उतरतं. ई-४ म्हणजे दशांश चिन्ह चार घरं डावीकडे न्यायचं: ए = ०.०००४०९. वहीत एवढंच लिहिलं तरी चालेल, पण याहून कमी नको. ‘छोटा आकडा आहे’ म्हणून ०.०००४ लिहिलं, तर १४० सेकंदांना उत्तर जवळजवळ २ मिलिमीटरने चुकतं, कारण त्या छोट्या आकड्याला १४० च्या वर्गाने, म्हणजे १९६०० ने गुणायचं असतं. दशांशानंतर किती अंक आले ते मोजू नका, शून्यांनंतर अर्थाचे किती अंक आले ते मोजा. निदान तीन हवेत.

आता या तिघांना बाटलीच्या भाषेत वाचा. सी म्हणजे वेळ शून्य असतानाची उंची: १६.०२ सेंटीमीटर. आपण १६.० मोजली होती. बी म्हणजे बोट काढलं त्या क्षणी पाणी उतरण्याचा वेग: सेकंदाला ०.१६ सेंटीमीटर, म्हणजे दीड मिलिमीटरच्या जरा वर. उणे चिन्ह उतरण्याचं. ए वेग कसा मंदावतो ते सांगतो. आणि मघाचा ०.३२ आठवतो? २ × ०.०००४०९ × २० × २० केलं तर ०.३२७ येतं. कागदावर पाच मिनिटांत हाती लागलेला आकडा तो हाच.

हे तीन आकडे यंत्राने निवडले कसे? प्रत्येक ठिपका आणि वक्र यांतलं उभं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, आठही वर्गांची बेरीज करायची. ए, बी, सी बदलून ही बेरीज जितकी लहान करता येईल तितकी करायची. हीच न्यूनतम वर्ग पद्धत. फ्रेंच गणितज्ञ लेजांद्रने ती १८०५ साली प्रसिद्ध केली; आपण ती त्याआधीपासून वापरत होतो असं जर्मन गणितज्ञ गाउसने पुढे सांगितलं. आपल्या बाटलीसाठी ती बेरीज ०.०११ इतकीच उरते. वक्र ‘बसला’ याचा अर्थ यंत्राच्या दृष्टीने एवढाच. पाणी, भोक, बाटली यांतलं यंत्राला काही ठाऊक नसतं.

आर² वर किती विश्वास ठेवावा

वक्र ठिपक्यांना किती जवळून बसला ते सांगणारा आकडा म्हणजे आर²; नेमका बसला तर तो एक येतो. तो दिसत नसेल तर मोड दाबून खाली स्टॅट डायग्नॉस्टिक्स ऑन करा. जुन्या यंत्रात सेकंड आणि ० दाबून यादी उघडा, डायग्नॉस्टिक-ऑन शोधा, दोनदा एंटर दाबा आणि क्वाडरेग पुन्हा चालवा. आपल्याला ०.९९९९४ मिळतो. एकच्या इतका जवळ आकडा बघून कोणालाही आनंद होईल.

पण हाच तक्ता घेऊन कॅल्कमधला चौथा पर्याय, म्हणजे सरळ रेषेचा लिनरेग, चालवून बघा. आर² येतो ०.९७५७. माझ्याकडे आलेल्या तिघांपैकी दोघं लगेच म्हणाले, ‘टीचर, हेही चांगलंच आहे की.’ नुसता आकडा बघितला तर चांगलंच आहे. म्हणून त्यांना उरलेले फरक बघायला लावले. मोजलेल्या उंचीतून समीकरणाची उंची वजा केली की जे उरतं त्याला रेसिड्यूअल म्हणतात. सरळ रेषेसाठी ते असे येतात:

१.१, ०.२, −०.५, −०.८, −०.९, −०.५, ०.२, १.२

टोकांना अधिक, मध्ये सलग चार उणे. ही मोजण्यातली चूक नव्हे. मोजण्यातली चूक कधी वर, कधी खाली, कशीही पडते. अशी वाटीसारखी रांग लावून उभी राहत नाही. रेषेने सोडून दिलेला वक्रपणा या वाटीत साचला आहे. आता वर्ग समीकरणाचे फरक बघा:

−०.०२, ०.०४, −०.०३, ०.०७, −०.०६, −०.०१, ०.०१, ०.००

चिन्हं विस्कटलेली आणि एकही फरक मिलिमीटरच्या पुढे नाही. आपली पट्टीच मिलिमीटरची, याहून बारीक काही तिच्यातून निघणारच नाही.

यंत्रावर हे बघणं सोपं आहे. प्रत्येक रिग्रेशननंतर, म्हणजे समीकरण बसवल्यानंतर, फरक आपोआप रेसिड नावाच्या यादीत साठतात. स्टॅट प्लॉटमध्ये वायलिस्टच्या जागी एल२ काढून ती यादी घाला (सेकंड, स्टॅट, मग नावांमधून रेसिड), वाय= मध्ये जाऊन वाय१ च्या बरोबरच्या चिन्हावर एंटर दाबून ते तात्पुरतं बंद करा आणि झूम ९. मला एकच आलेख बघायची मुभा दिली तर मी हाच बघेन.

आणखी दोन गोष्टी आत्ताच सांगते. तीनच नोंदी दिल्या तर क्वाडरेग त्या तिन्ही बिंदूंतून नेमका वक्र काढतं आणि फरक शून्य येतात. त्यात आनंद मानण्यासारखं काही नाही; एक्सच्या किमती वेगवेगळ्या असलेल्या कुठल्याही तीन बिंदूंतून असं समीकरण काढताच येतं. दुसरं, क्वाडरेगच्या खालीच क्युबिकरेग आणि क्वार्टरेग असतात. ते लावले की आर² कधीच कमी होत नाही, थोडा वाढतोच. म्हणून ‘वाढला’ हे ते निवडण्याचं कारण होऊ शकत नाही.

वक्राला प्रश्न विचारणं

मघाशी बंद केलेलं वाय१ आधी परत चालू करा, स्टॅट प्लॉटमध्ये वायलिस्ट पुन्हा एल२ करा आणि झूम ९ दाबा. ९० सेकंदांना पाणी किती होतं? आपण मोजलेलं नाही. सेकंड आणि ट्रेस दाबा, पहिला पर्याय व्हॅल्यू, ९० लिहून एंटर: ४.८४ सेंटीमीटर. ८० च्या ५.७ आणि १०० च्या ४.० यांच्या मध्ये, जिथे असायला हवं तिथेच.

बाटली रिकामी कधी होईल? वर्ग समीकरणाच्या वक्राला अन्वस्त म्हणतात; इथे त्याचा शिरोबिंदू, म्हणजे जिथे तो वळतो तो सगळ्यात खालचा बिंदू, कामाला येतो. पण झूमस्टॅटने बेतलेला पडदा दीडशे सेकंदांच्या जरा पुढेच थांबतो. म्हणून आधी विंडो दाबून एक्समॅक्स २५० आणि वायमिन −२ करा. मग सेकंड, ट्रेस, तिसरा पर्याय मिनिमम. यंत्र डावी हद्द विचारेल, तिथे १५० लिहा. उजवी हद्द २४०. अंदाज विचारला की नुसतं एंटर. उत्तर येतं: एक्स १९६.८, वाय ०.१८. म्हणजे साधारण १९७ व्या सेकंदाला पाणी भोकाच्या पातळीला येतं. टॉरिचेल्लीच्या नियमाने शिरोबिंदूची उंची बरोबर शून्य हवी. आपली २ मिलिमीटरच्या आत आली. घरातली बाटली, खिळ्याने पाडलेलं भोक आणि मोबाइल एवढ्यावर हे जमतं, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

कुणी उंची भोकापासून न मोजता बुडापासून मोजली असती, तर? ए आणि बी तेच आले असते, फक्त सी वाढला असता. आणि शिरोबिंदूची उंची म्हणजे बुडापासून भोक किती वर आहे तेच अंतर निघालं असतं. एकदा करून बघा.

आता ४०० सेकंदांना काय ते विचारा. होम पडद्यावर वाय१(४००) असं लिहा. उत्तर १७.१ सेंटीमीटर! सुरुवातीला भरलं होतं त्याहून जास्त. समीकरणाच्या मते १९७ व्या सेकंदानंतर बाटली आपोआप भरायला लागते, कारण अन्वस्त शिरोबिंदूपाशी वळून परत वर चढतो. तिघांपैकी एकाने हे उत्तर आधी वहीत उतरवलं, मग बाटलीकडे बघितलं आणि खोडलं. समीकरण खोटं नाही; ते ० ते १९७ सेकंदांपुरतं आहे, आणि हा टप्पा उत्तराचाच भाग म्हणून लिहायचा. आमच्या वहीत शेवटची ओळ अशी आहे: ‘उंची = ०.०००४०९ × वेळ² − ०.१६१ × वेळ + १६.०, वेळ ० ते १९७ सेकंद. १४० च्या पुढचं मोजलेलं नाही.’

ज्या आकड्यांमागे वर्ग समीकरणाचं काही कारणच नाही, तिथे तर टप्प्याच्या आतही फसगत होते. गोव्यातला पाऊस घ्या. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, जुलैत सर्वांत जास्त. महिन्यांना १ ते १२ आकडे देऊन क्वाडरेग चालवलं तर मध्ये उंच, दोन्ही टोकांना खाली असा सुबक अन्वस्त येतो, आणि जानेवारीत पाऊस उणे निघतो. मे महिन्यापर्यंत जवळपास कोरडं आणि जूनमध्ये एकदम धो-धो, हा आकार अन्वस्ताचा नाहीच.

यंत्र नसेल तर

मोबाइलवर डेस्मॉसचं ग्राफिंग कॅल्क्युलेटर ॲप फुकट मिळतं आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसतानाही चालतं. पावसाळ्यात आमच्या बाजूला ही मोठीच सोय. अधिकच्या चिन्हावरून टेबल घ्या, एक्स१ खाली वेळ, वाय१ खाली उंची. पुढच्या ओळीत वाय१ ~ ए·एक्स१² + बी·एक्स१ + सी हे लिहा, पण ॲपमध्ये अर्थात इंग्रजी अक्षरांत. मधलं चिन्ह लाटेसारखं आहे, बरोबरचं नाही. बरोबरचं चिन्ह घातलं तर ते रिग्रेशन करत नाही. नव्वद टक्के वेळा ‘होत नाही’ म्हणून फोन येतो तो याच चिन्हापायी. आर² आणि फरक खालीच दिसतात. फरकांचा आलेख काढायचं बटणही तिथेच असतं.

इंजिनीअरिंगच्या मुलांकडे कॅसिओचा एफएक्स-९९१ईएस प्लस असतोच. त्यावर आलेख येत नाही, पण वर्ग समीकरण बसतं. मोड, ३, मग परत ३ दाबून तक्ता भरा, एसी दाबा, शिफ्ट आणि १ दाबून रेगमध्ये जा. एक सावधगिरी हवी: इथे समीकरण ए + बी·एक्स + सी·एक्स² असं उलट्या क्रमाने असतं. म्हणजे टीआयवरचा ए तो इथला सी. दोन मित्रांनी दोन यंत्रांवर एकच गणित केलं आणि ‘तुझं चुकलं’ म्हणून वाद घातला, असं माझ्या ओटीवर झालेलं आहे. या यंत्रावर वर्ग समीकरणासाठी आर² मिळत नाही. फरक हाताने काढावे लागतात, आणि आठच नोंदी असतील तर ते दहा मिनिटांचं काम आहे.

तिघांतली एक मुलगी घरी जाऊन पुन्हा प्रयोग करून आली. तिच्याकडे सरळ बाटली नव्हती, कमरेत बारीक होणारीच होती. आर² ०.९९ च्या वर आला, पण फरकांच्या आलेखात ठिपके सलग वर, सलग खाली, पुन्हा सलग वर असे लाटेत गेले होते. चूक कुठे झाली म्हणून तिने सगळं दोनदा मोजलं होतं. मी तिला विचारलं, पाणी समीकरणापेक्षा जास्त वेगाने कुठे उतरतंय? तिने ठिपक्यांवरून वेळ काढली, तक्त्यातून त्या वेळची उंची बघितली आणि पिशवीतून बाटली काढून पट्टीवर तेवढ्या उंचीला बोट ठेवलं. बोट बाटलीच्या कमरेवर होतं.